साडेसतरा मात्रा

चामराजपेटला राहणाऱ्या उमाकांतने १९६१ साली साडेसतरा मात्रांचा नवा ताल बांधला. समेवर टाळी द्यायला कुणालाच जमेना. श्रोते उठून जात, शेवटी तबलजीनेही नाद सोडला. मग एका दुपारी खोलीत एकट्यानेच सतार वाजवून त्याने ती टेपवर घेतली.

ऐकू लागला, तर प्रत्येक समेवर टाळी पडत होती.

"अक्का, तू आत आली होतीस?"

"येणार कशी? आतनं कडी लावली होतीस की," बहीण दाराबाहेरून म्हणाली.

एके ठिकाणी तो स्वतःच अर्धी मात्रा आधी समेवर आला होता. तिथे टाळी थांबली, आणि बरोबर जागी पडली.

त्याने टेप बंद केली. बोटं सवयीने मोजत राहिली. सोळा, सतरा, वर अर्धी.

टाळी त्याच्या मानेमागे पडली.