बुधवारची पाहणी

नव्या रेल्वेमार्गाखालून गावासाठी भुयारी रस्ता होत होता. कामावर लक्ष ठेवायला ग्रामपंचायतीनं समिती नेमली होती. समिती आली की कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार आधी पंगत बसवायचा. पोटभर जेवलेली मंडळी मग वरूनच बघून सह्या करायची. सदस्य मथुराबाई मात्र म्हणायच्या, "माझा उपवास हाय," आणि तेवढ्या वेळात एकट्याच खाली उतरून काम बघून यायच्या. सोमवारी तसंच झालं, गुरुवारीही तसंच. म्हणून शेवटची पाहणी गुत्तेदारानं मुद्दाम बुधवारी ठेवली.

पंगत सुरू झाली तरी मथुराबाई मंडपाच्या कडेला उभ्याच. जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी त्यांना भुयाराच्या भिंतीच्या मागच्या अंगाला भेग दिसली होती. उद्या तिथं मुरूम भरला, की ती कोणालाच दिसणार नव्हती. आणि गावची लेकरं याच रस्त्यानं शाळेत जाणार होती.

"बसा की ताई," गुत्तेदार हसला. "आज ना एकादशी, ना चतुर्थी. बुधवारी कुठला आलाय उपवास?"

सरपंच दत्तराव भरल्या तोंडानं म्हणाले, "वहिनी, लय ताणू नका. आधी जेवू, मग बघू सावकाश."

"तुमी जेवा, भावजी," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "माझा उपवास वाराचा न्हाई. ज्याचं काम तपासायचं, त्याचं मीठ खायचं न्हाई, एवढंच व्रत हाय."

पदर खोचून त्या खाली उतरायला लागल्या. दत्तरावांना तोंडातला घास गिळताही येईना आणि टाकताही येईना.