तक्त्याची शेवटची ओळ

"सिस्टर, तक्ता बदलला ना?" आत येता येता डॉक्टरांनी विचारलं.

"बघा ना, सर," कपाटाला कुलूप लावत सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पांढरा कागद, त्यावर काळ्या अक्षरांच्या लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. "झकास! नवा तो नवाच. कसा लख्ख दिसतोय!"

"दिसतोय ना?" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी बीपीचं मशीन टेबलावर आणून ठेवलं.

बस डेपोच्या कोपऱ्यातला हा दोन खोल्यांचा दवाखाना. चालकांची वार्षिक तपासणी इथेच व्हायची आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय कुणालाही गाडीची किल्ली मिळायची नाही. आज मामांची पाळी होती. मामा म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना चालक. वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने बाकी. गेल्या वर्षी या गृहस्थाने वीस फुटांवरून, बिनचष्म्याने, अख्खा तक्ता एका दमात म्हणून दाखवला होता. तेव्हाच डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली होती. ते स्वतः मामांहून दोनच वर्षांनी मोठे. या वयाचे डोळे कसे असतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून हा नवा तक्ता. डॉक्टरांची एक पद्धत होती. तपासताना ते तक्त्याकडे पाठ करून उभे राहायचे. तक्ता तोंडपाठ असला की नजर माणसाच्या चेहऱ्यावर ठेवता येते, असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षांत कितीतरी थापा त्यांनी अशाच पकडल्या होत्या. नवा तक्ता आला तेव्हाही त्यांनी तो टेबलावर पसरला, अगदी नाक टेकवून पाठ केला आणि मगच सिस्टरच्या हवाली केला.

सिस्टर मामांना बोलवायला बाहेर गेल्या आणि दारापलीकडून कुजबुज ऐकू आली. डॉक्टरांनी कान टवकारले.

"घाबरू नका, मामा. जे दिसेल तेच सांगायचं," सिस्टर सांगत होत्या.

"ताई, पण काही गडबड आहे का?"

"तुमची नाही. चला आत."

पाणी कुठे मुरतंय ते डॉक्टरांना कळलं. तक्ता बाहेर जात होता तो इथूनच! सहा वर्षं हाताखाली काम केलेल्या बाईने असं करावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही.

मामा आत आले. सिस्टरनी वजन घेतलं, बीपी घेतलं आणि आकडे मोठ्याने सांगितले. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी खिडकीशी नेला, परत आणला आणि सिस्टरपुढे सरकवला.

"लॅबवाले हल्ली शाई फारच वाचवायला लागलेत. वाचा तुम्हीच."

साखर ठीक होती. बाकीचंही सगळं ठीक होतं.

"इथे सही करा," डॉक्टर म्हणाले.

मामांनी फॉर्म हातभर लांब धरला. "ताई, नेमकी कुठे करू? चष्मा गाडीत राहिला."

"चष्मा?" डॉक्टर हसले. "म्हणजे चष्मा आहे तर!"

"वाचायचा आहे, साहेब. लांबचं मला स्वच्छ दिसतं."

"ते आता कळेलच."

जमिनीवर पिवळी रेघ होती. मामा तिच्यामागे उभे राहिले. डॉक्टर तक्त्याशी गेले, पाठ फिरवून त्यांनी मामांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"एकदम शेवटची ओळ."

"ल, ट, ग, म, स," मामा सावकाश म्हणाले.

डॉक्टरांना मनातून आनंदाची उकळी फुटली. जुनी ओळ! अक्षर न् अक्षर जुनी!

"पुन्हा सांगा."

"ल, ट, ग, म, स."

"वा!" डॉक्टर टेबलाशी आले आणि त्यांनी लाल पेन उघडलं. "छान घोकून आलात. कुणी घोकून घेतलं तेही मला माहीत आहे. पण तुमच्या ताई एक सांगायला विसरल्या वाटतं. तक्ता आज सकाळीच बदललाय."

मामांचा चेहरा पडला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "साहेब, समोर आहे तेच वाचलं मी. एकतीस वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. या वयात मला झाडू मारायला लावू नका."

"रोज पन्नास माणसं तुमच्या मागे डोळे मिटून बसतात, मामा. त्यांच्या जिवाशी खेळ मी नाही होऊ देणार."

"एकदा तुम्ही स्वतः बघा ना, साहेब!" मामा म्हणाले.

"मी काय बघायचं? हे घ्या!" डॉक्टरांनी बसल्या जागेवरून भिंतीकडे बोट केलं. "प, र, घ, न, द. दिसतंय का कुठे तुमचं ल, ट, ग?"

डॉक्टरांनी लाल पेन फॉर्मवर टेकवलं.

"थांबा, सर," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि आतली कागदाची गुंडाळी आणून डॉक्टरांच्या हातात दिली.

"नवा तक्ता हा आहे, सर. भिंतीवर जुनाच आहे."