खालची कवळी

"आई, चहा गार होतोय!" त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली.

आई घरामागे एकटीच उभी होती. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत तळ्याकाठच्या या भाड्याच्या घरी आलं की बॅग उघडायच्या आधी ती मागे एक चक्कर मारून येई, आणि निघायच्या दिवशी पुन्हा एक. आज निघायचं होतं. वर्षाचा शेवटचा दिवस होता.

तीन वर्षांपूर्वी याच घरातून त्याचे वडील नाहीसे झाले होते. सकाळी उठून बघतात तर पलंग रिकामा, आणि उशाजवळचा पेलाही रिकामा. वडील झोपताना कवळी त्या पेल्यात ठेवत. पेला रिकामा म्हणजे कवळी तोंडात, आणि कवळी तोंडात म्हणजे माणूस आपल्या पायांनी बाहेर पडला. पोलिसांना हे त्यानेच समजावून सांगितलं होतं. बिनदातांचे वडील दूधवाल्याला दारसुद्धा उघडत नसत.

माणूस मुळातच तापट. त्या वर्षी घरामागे पाइप टाकायला चर खणून ठेवला होता, तर "सुट्टीला बोलावलंय की खाणीत?" म्हणून त्यांनी घरमालकाला फैलावर घेतलं होतं. असेच कशावरून तरी डोकं फिरून निघून गेले असतील, असं सगळे धरून चालले.

आई मात्र वाट बघत राहिली. सप्टेंबर उजाडला की ती घरमालकाला फोन करून हे घर अडकवून ठेवी. यंदा घरमालकाने मागे गॅरेज बांधायचं काढलं, तेव्हा तिने इतक्या विनवण्या केल्या की तो बिचारा ओशाळला.

"आहे तसंच राहू द्या हो," ती म्हणाली. "हे आले तर यांना घर ओळखू यायला नको का?"

ते ऐकून मुलाने मान वळवली. कारण वडील येणार नाहीत हे त्याला मार्चपासून ठाऊक होतं.

तो कवळ्या बनवायचा. मार्चमध्ये पोलीस अधिकारी त्याच्या कारखान्यात आला आणि त्याने टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत खालची कवळी होती. तळ्यात कुणाच्या तरी जाळ्यात अडकली होती.

"तुमच्या वडिलांची असेल का?"

त्याला दुसऱ्यांदा बघायची गरजच नव्हती. "मोत्यांसारखे दात नकोत, लोकांना लगेच कळतं," असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून त्याने दात जरा पिवळट निवडले होते आणि पुढचा एक मुद्दाम तिरपा बसवला होता. असली कवळी जगात दुसरी नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "हे आमचं काम नाही."

अधिकारी पिशवी घेऊन गेला. त्या दिवशी त्याच्या हातून एकही साचा धड निघाला नाही. वडील तळ्यात बुडाले होते, आणि आई त्यांच्यासाठी घर जपून ठेवत होती. त्या आशेवरच ती जगते आहे, ती काढून घेतली तर कोसळेल, या धास्तीने तो नऊ महिने मूग गिळून बसला. एरवी तिची तब्येत चांगली सुधारली होती. पूर्वी ती फार धडपडायची. कधी मनगट, कधी बरगडी. "आई, तीन वर्षांत तुम्ही एकदाही पडला नाहीत हं!" असं त्याची बायको कालच थट्टेने म्हणाली, तर आई नुसती हसली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी जेवण झालं की मन झाडायची त्यांच्या घरची रीत होती. वर्षभर लपवलेली एक गोष्ट प्रत्येकाने सांगायची आणि बाकीच्यांनी रागवायचं नाही.

"फुलदाणी मांजराने नाही फोडली," त्याची मुलगी म्हणाली. "मी फोडली."

"आई, तुम्ही विणलेला स्वेटर मी माझ्या बहिणीला दिला," बायको म्हणाली.

"ठाऊक आहे. तिच्या अंगावर पाहिलाय मी," आई म्हणाली. "तिला शोभतो."

सगळे हसले. मग त्याच्याकडे वळले.

"मी पुन्हा सिगारेट ओढायला लागलोय," तो म्हणाला. खोटं नव्हतं, पण खरंही ते नव्हतं.

"आजी, आता तू!"

"मला काही नाही बाई झाडायचं," आई म्हणाली. दर वर्षी ती हेच म्हणे.

बायको आणि मुलगी सामान गाडीत भरायला गेल्या. आई भांडी धुवत होती आणि तो पुसत होता. आज नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. त्याने मनाचा हिय्या केला.

"आई, बाबा येणार नाहीत."

तिने नळ बंद केला. त्याने सगळं सांगितलं: पिशवी, तिरपा दात, आपलं खोटं. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. ती मात्र जागच्या जागी ताठ उभी राहिली.

"म्हणजे पोलिसांना तू नाही म्हणालास," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुझ्यासाठी म्हणालो गं. चुकलंच माझं. आता परत गेल्यावर पहिलं पोलिसांना खरं काय ते सांगतो. ते तळं उपसतील. बाबा निदान सापडतील तरी. तुझी ही वाट बघणं एकदाचं संपेल."

आईने पदराला हात पुसले आणि त्याचे डोळेही पुसले.

"नको सांगूस," ती म्हणाली. "उगाच तळं उपसत बसतील. तळ्यात मी फक्त कवळी टाकली होती."