दोन रिमोट, एक वायर

दादांची नात खुशी सासरी गेली, त्याच वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला. तरी पावसाळाभर खपून त्यांनी बाल्साच्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं विमान बांधलं. ते एकदा स्वतः उडवायचं, एवढीच हौस उरली होती. ते आणि त्यांच्या धाकट्या भावासारखा मी, आम्ही दोघं म्हातारे धापा टाकत मानपुरच्या माळावर पोचलो. नवशिक्यासाठी जोडतात तशी मी दोन रिमोटना वायर जोडली. माझं बटण दाबलेलं असेपर्यंत विमान दादांच्या हाती, सुटलं की माझ्या. विमान चढलं, मग डगमगत बाभळींकडे वळलं. मी बटण सोडलं, विमान अलगद उतरवलं. दादांचे अंगठे हलतच होते. "बढिया उतरवलंत, दादा!" मी म्हणालो. "चूप बस, भिया. याच वायरीनं तुला मीच शिकवलं." ते दगडावर टेकले. "पण घरी तुझ्या वहिनीला सांग, मीच उतरवलं." मी तसंच सांगितलं. दादा संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेले.