प्रज्वलचा आवाज

प्रज्वल सीमेवर शहीद झाला, त्याला दोन वर्षं झाली होती. शहिदांचे आवाज जतन करायचे आहेत, असं सांगून एका बिल्डरची माणसं काळेवाडीत त्याच्या घरी आली आणि त्याच्या बायकोकडून, रुपालीकडून, फोनमधले त्याचे व्हॉइस मेसेज आणि एका फॉर्मवर सही घेऊन गेली. पंधरा ऑगस्टला सकाळी गल्लीबाहेरच्या रस्त्यावरून जाहिरातीची रिक्षा निघाली. भोंग्यातून प्रज्वल बोलत होता, "नमस्कार, मी शहीद प्रज्वल. देशासाठी मी उभा राहिलो. आता तुमच्या घरासाठी चाकणला या, टू बीएचकेचं बुकिंग सुरू आहे!" त्याची आई सुभद्राबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून अनवाणी रिक्षामागे धावली. रुपालीनं तिला चौकात गाठलं. "आई, ते नाहीत हे. कॉम्प्युटरनं बनवलेला आवाज आहे." दोघी तशाच चिंचवडला बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. "माझ्या नवऱ्याला फ्लॅट विकायला लावता? आत्ताच्या आत्ता बंद करा!" रुपाली ओरडली. मॅनेजरनं फॉर्मवरची तिची सही दाखवली, पण फ्लॅट बघायला आलेली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली, तसा तो नरमला. "बरं वहिनी, उद्यापासून बंद." तेवढ्यात सुभद्राबाईनं त्याच्यापुढं हात जोडले. "बंद नगा करू, साहेब. रोज आमच्या गल्लीतनं न्या ती रिक्षा. फकस्त त्याला एकदा 'आये' म्हनाया लावा." "म्हणेल की, मावशी," मॅनेजर म्हणाला, "पण आधी प्रोजेक्टचं नाव घेईल." "घेऊ द्या," सुभद्राबाई म्हणाली.