राहिलेली वाक्यं

बाईंना आत आणलं आणि सरकारी दुभाषी उभी राहिली. पंचवीस वर्षांपूर्वीची सवय. पाय आपोआप सरळ झाले. तिला उभी पाहून दोघे परदेशी राजदूतही उठले. मग सचिवसाहेबांनाही नाइलाजानं खुर्ची सोडावी लागली.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच.

बाई शाळेत परदेशी भाषा शिकवायच्या. निवडणुकीत त्यांना मतमोजणीचं काम लागलं. वरून आलेल्या आकड्यांवर सही करायला त्यांनी नकार दिला, तेव्हापासून त्या कोठडीत होत्या. राजदूतांच्या देशांनी निक्षून सांगितलं होतं, अशी पकडलेली माणसं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यापाराचा करार होणार नाही. म्हणून ही भेट. अट एकच: कैद्यानं आपल्याच भाषेत बोलायचं, सरकारी दुभाष्यामार्फत.

"तब्येत ठीक, तक्रार नाही. एवढंच पोचलं पाहिजे," सचिवांनी तिला सकाळीच बजावलं होतं. ती बाईंची विद्यार्थिनी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

राजदूतांनी अटकेचं कारण विचारलं.

"आकडे खोटे होते," बाई म्हणाल्या. "म्हणून मी सही केली नाही. अकरा महिने झाले, अजून कोर्टाचं तोंड पाहिलेलं नाही."

सरकारी घर, मुलीचं कॉलेज, सगळं दुभाषीच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"त्या म्हणतात, तब्येत ठीक आहे," तिनं राजदूतांच्या भाषेत सांगितलं.

ती भाषा तिला बाईंनीच शिकवलेली. त्यांना कळलंच. पण त्या रागावल्या नाहीत. आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्यांनी तिच्याकडे सरकवला.

"घे, दोन घोट पी. घाई नाही. तीन वाक्यं राहिली, बाळ."

ती पाणी प्यायली. मग तिन्ही वाक्यं तिनं एकेक करून सांगितली. सचिव मध्येच मोठ्यानं खोकले, तेव्हा थांबली आणि ते वाक्य पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली, पाठोपाठ घर. करार मात्र अडून राहिला, आणि तीन आठवड्यांनी सरकारनं बाईंसह नऊ जणांना मुकाट्यानं सोडलं.

पत्ता शोधत बाई तिच्या भाड्याच्या घरी आल्या. सामान अजून खोक्यांतच होतं.

"मला शाळेत घेणार नाहीत, तुला कचेरीत. म्हणजे दोघी रिकाम्या. या खोलीत किती मुलं मावतील गं?"

"बाई, त्या दिवशी मी आधी..."

"किती मावतील ते विचारलं."

"दहा-बारा."

"पंधरा बसवू," म्हणत बाईंनी बाह्या सारल्या आणि सोफ्याचं एक टोक धरलं. "हं, उचल तिकडून."