कागद हलला नाही

मालकांनी दुकानातल्या सगळ्या शिलाई मशिनी बंद करायला लावल्या आणि मास्तरांना हात पुढे करायला सांगितलं. मास्तरांनी दोन्ही हात सरळ समोर धरले. मालकांनी मापाचा एक पातळ कागद त्यांच्या बोटांवर ठेवला. कागद हलला नाही.

ही परीक्षा रोज सकाळी व्हायची. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड मास्तरांनी वाकडं कापलं, तेव्हापासून मालकांनी ती काढली होती. हात थरथरतात म्हणजे आदल्या रात्रीची उतरलेली नाही, असं त्यांचं साधं गणित. कधीपासून घेता, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मास्तर मान खाली घालून म्हणाले होते, सोडतो. मालक तसे मनाने मोठे. त्यांनी कामावरून काढलं नाही. हात थांबेपर्यंत कटिंगच्या टेबलावरून उठवून काजं-बटणांना बसवलं, एवढंच. ज्यांनी कापलेला कोट अंगावर ओतल्यासारखा बसायचा, ते मास्तर बटणं लावू लागले. सकाळी बोटांवरचा कागद फडफडला की सुतळी नावाचा लांबडा कारागीर म्हणायचा, पंखा बंद करा रे, मास्तरांना वारा लागतोय. सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, न हसून सांगतात कोणाला.

गेला आठवडाभर कागद हलला नव्हता, म्हणून आज मालकांनी निरोप धाडून मास्तरांच्या बायकोलाही बोलावून घेतलं होतं. दारू सोडलेल्याचं जेवढं कौतुक होतं, तेवढं कधीच न प्यायलेल्याचं होत नाही. जगाची रीतच आहे ती. मास्तरांनी मनावर घेतलं आणि करून दाखवलं, बाकीच्यांनी यातून शिकावं, असं मालक म्हणाले. टाळ्या पडल्या. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं होतं, तेही त्यांनी मास्तरांच्या हवाली केलं. मास्तर म्हणाले, त्यात काय एवढं, आठवड्यात उडवतो, मदतीलाही कोणी नको. शिवाय तुमच्यासाठी एक कोट काढतो, एकाही शिवणीशिवायचा, सगळा डोक्यात तयार आहे. मालक खूश झाले. सुतळी म्हणाला, मास्तरांना उतरल्यावरच जास्त चढलीय. पुन्हा हशा झाला.

मास्तरांची बायको हसली नाही. तो न हलणारा कागद बघून तिला दरदरून घाम फुटला होता.

मास्तरांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्यांना मनाचा आजार होता. कधी महिनोन् महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, तर कधी झोपच उडायची आणि सगळं जग आपल्या खिशात आहे असं वाटायचं. अशाच भरात एकदा ते गच्चीच्या कठड्यावर चढले होते. मग लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि संसार रुळावर आला. त्या गोळ्यांनीच हात थरथरायचे. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी डोस तपासला असता, थरथर कमी करायचं काही दिलं असतं. पण त्यासाठी सुट्टी मागायची, आणि सुट्टी कशाला हवी ते मालकांना सांगायचं. त्यापेक्षा दारुडा म्हणून घेतलेलं परवडलं. मालक घरी येऊन बायकोला विचारून गेले, पितात का हो? तिनेही मान डोलावली. त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे न बघता जेवण उरकलं.

अलीकडे मास्तर पहाटेच उठून कपाटं आवरायचे, गाणी म्हणायचे, तिच्याशी पोटभर बोलायचे. गोळ्या घेता ना, असं तिने एकदा विचारलं, तर त्यांनी हसून विषय बदलला होता. तिला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. पण किती वर्षांनी नवरा घरात असा हसत होता. तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. मालकांपुढे मान डोलावल्याची लाज तिला वाटलीच होती, पण ही लाज त्याहून मोठी होती.

मास्तर बिनशिवणीचा कोट समजावून सांगत होते. त्यांना अडवून ती मध्येच बोलली.

"यांनी दारू सोडलेली नाही, मालक. हे कधी प्यायलेच नाहीत. यांनी डोक्याच्या गोळ्या सोडल्यात. मी यांना आत्ता डॉक्टरांकडे घेऊन चाललेय."

मास्तरांचं बोलणं जागीच थांबलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. सुतळी उगाचच सुईत दोरा ओवू लागला. मालकांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. इतके दिवस दारुडा का म्हणवून घेतलंत, त्यांनी विचारलं.

मास्तर वर न बघता म्हणाले, "दारुड्याला तुम्ही सुधारायची संधी दिलीत. वेड्याला दिली असतीत का?"

"असं काय विचारता, मास्तर? दिलीच असती की," मालक म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी टेबलावरची मोठी कात्री मास्तरांच्या हाताजवळून उचलून आपल्या पाठीमागे ठेवली.